फेअरी फोर्टवर नांगर फिरवायचा?

क्लेअरकर: कालच्या धाग्यात एकाने लिहिलंय, ‘आयर्लंडचे शेतकरी अजून पऱ्यांना भितात. ते फेअरी फोर्ट एकदाचे नांगरून टाका.’ रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, लोक ज्यांना पऱ्यांची घरं मानतात ती इ.स. ५०० ते १००० च्या सुमाराची माणसांची राहती ठिकाणं आहेत, भोवती मातीचा गोल बांध घातलेली. देशभरात ४५,००० च्या आसपास. माझ्या घरामागच्या शेतात एक आहे. नांगराची तासं सरळ येतात, बांधापाशी वळतात, पुन्हा सरळ होतात. स्मारकांचा कायदा १९३० चा. तोवर हे राखलं ते ‘तिथली काटकीही तोडू नये’ या धाकानेच.

नाना_टिपररी: धाकाचं कौतुक पुरे. १८९५ मध्ये आमच्या टिपररीत ब्रिजेट क्लिअरीला नवऱ्याने जाळलं. का, तर ही माझी बायको नव्हे, पऱ्यांनी बदलून ठेवलेली आहे. मग खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून फोर्टपाशी रात्री वाट बघत बसला. माझ्या मावशीला फिट्स यायच्या. घरच्यांनी दोन वर्षं डॉक्टर सोडून देवऋषी केला. मला यात संस्कृती दिसत नाही.

क्लेअरकर: मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण गुन्हा त्या नवऱ्याचा, बांधाचा नाही. तारा या आयर्लंडच्या जुन्या राजांच्या टेकडीची नासधूस कुणी केली? पऱ्यांना न भिणाऱ्या ब्रिटिश-इझ्राएलवाद्यांनी, म्हणजे ब्रिटिश लोक प्राचीन इस्राएलींचे वंशज आहेत असं मानणाऱ्यांनी! बायबलमधला कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांची पवित्र पेटी, सापडेल म्हणून १८९९ ते १९०२ तिथली राथ (असंच गोल बांधाचं ठिकाण) खणत होते.

वेक्सफर्डची_वैदेही: तारा म्हणता आणि १७९८ चं ब्रिटिशांविरुद्धचं बंड विसरता? २६ मे रोजी तिथे बंडवाले पडले. लिआ फॉल ही जुन्या राजांच्या राज्याभिषेकाची शिळा त्यांच्याच थडग्यावर नेऊन उभी केलीय. आमच्या शेजारच्या आयरिश आजी सांगतात, क्रॉपींच्या (केस बारीक कापलेल्या त्या बंडवाल्यांच्या) कोटाच्या खिशात शिदोरीचे जव असायचे. खड्ड्यात पुरल्यावर पुढच्या वसंतात तिथे जव उगवले. सांगताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

नाना_टिपररी: आणि तुमच्या वेक्सफर्डमधलं स्कलाबोग? ५ जून १७९८, बंडवाल्यांनीच कोठार पेटवून शंभराहून जास्त माणसं मारली, बायकापोरं धरून. ते सांगतात का आजी? आता १९३७-३९ मध्ये शाळेतल्या पोरांनी म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलेल्या लोककथांच्या वह्या पुरावा म्हणून काढू नका.

वेक्सफर्डची_वैदेही: नाही सांगितलं कधी. विचारायला मीही धजले नाही, हे कबूल. पण वह्यांना हात लावू नका. सरकारी दप्तरात मेलेल्यांचा आकडा मिळेल, त्यांच्या खिशात काय होतं ते नाही मिळणार.

नाना_टिपररी: बरं, वह्या ठेवा. फोर्टही ठेवा, पण पुरातत्त्व म्हणून. पऱ्यांचं नाव नको.

क्लेअरकर: शेजारचे शेतकरी ऐंशीचे आहेत. मे महिन्यात मी हॉथॉर्नची, म्हणजे पऱ्यांचं मानलेल्या आणि घरात आणणं अशुभ समजल्या जाणाऱ्या काटेरी झाडाची, फुलं घेऊन त्यांच्या दारात गेलो. उंबऱ्यावरच अडवलं, फुलं बाहेर कुंपणावर ठेवायला लावली, मग चहा दिला. त्यांच्या मुलाला पुरातत्त्व चांगलं माहीत आहे. बांधाला जेसीबी लावायची भाषा तोच करतो.