३३…३१ या साच्यातील मोठ्या मूळ संख्या : चाळणी कुठे थांबवावी?

३१, ३३१, ३३३१ अशी, शेवटी १ आणि त्याआधी नुसते ३ असलेली मालिका ८ अंकांपर्यंत सलग मूळ निघते आणि ९ अंकी ३३३३३३३३१ मात्र १७ × १९६०७८४३ अशी फुटते, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. याच मालिकेत ५,००० ते १०,००० अंकी मूळ संख्या शोधताना मी अडलो आहे.

(न ही अंकांची संख्या मानल्यास) न अंकी संख्येची तिप्पट म्हणजे १० चा न-वा घात वजा ७. त्यामुळे १० च्या घातांना ज्या मूळ संख्येने भागून ७ ही बाकी कधीच उरत नाही (११, १३ आणि ३७ अशाच आहेत), ती मालिकेतल्या कोणालाही भागत नाही. १७ ने भागल्यावर ही बाकी ९ व्या घाताला येते आणि पुढे दर १६ घातांनी परतते, म्हणून २५, ४१, ५७ अंकी संख्या न तपासताच खोडता येतात. दहा लाखांपर्यंतच्या भाजकांनी अशी चाळणी लावून उरलेल्यांवर मी पायथॉनमध्ये २ हा पाया घेऊन फर्माची कसोटी चालवतो (म्हणजे पायाचा, तपासायच्या संख्येहून १ ने लहान असलेला घात त्या संख्येने भागल्यास बाकी १ उरते का, हे पाहतो). पाया १० घेण्याची चूक पूर्वी सर्व अंक १ असलेल्या संख्यांवर करून बसलो होतो : १११११११ ही २३९ × ४६४९ असूनही बिनदिक्कत उत्तीर्ण झाली, कारण तिने भागले असता १० च्या ७ व्या घाताची बाकी १ च उरते आणि तिच्यातून १ वजा केल्यास ७ ने भाग जातो.

अडचण वेळेची आहे. अंक दुप्पट झाले की एका कसोटीला माझ्याकडे सुमारे आठपट वेळ लागतो. एक उमेदवार खोडायला चाळणीला लागणारा वेळ एका कसोटीच्या वेळेइतका झाला की चाळणी थांबवावी, हा ठोकताळा मला पटतो. परंतु ५,००० अंकी आणि १०,००० अंकी संख्यांच्या कसोटीचा वेळ इतका वेगळा असताना चाळणी एकच ठेवावी की टप्प्याटप्प्याने वेगळी?

दुसरा प्रश्न सिद्धतेचा. फर्माची कसोटी केवळ संभाव्य मूळ संख्या हाती देते. मात्र या मालिकेतील संख्येतून १ वजा केल्यास ३० गुणिले (न−१) वेळा १ असलेली संख्या मिळते, आणि न−१ ला पुष्कळ भाजक असतील तर तिचे अवयव बरेचसे आपोआप पडतात. तेव्हा अशाच अंकसंख्या आधी तपासाव्यात का? त्याने मूळ संख्या सापडण्याची शक्यता विशेष वाढेल असे मला वाटत नाही, परंतु सापडलीच तर पॉकलिंग्टनच्या कसोटीसाठी (संख्येतून १ वजा करून येणाऱ्या संख्येचे पुरेसे अवयव ठाऊक असल्यास मूळ असणे सिद्ध करणारी कसोटी) मूळ संख्येच्या वर्गमुळाहून मोठा असा अवयव पडलेला भाग जुळून येईल का, हे ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.