मदत हवी आहे: थंडीतली निसर्गवही

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. लेक दुसरीत, मुलगा पाचवीत. दोघांनी या थंडीत निसर्गवही सुरू केलीय. सकाळचं तापमान, दव पडलं का, आणि सूर्य समोरच्या कुठल्या इमारतीआडून उगवला, हे रोज लिहितात. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेच्या टोकाला जाऊन उत्तरेकडे वळतो, ते त्यांना गॅलरीतूनच टिपायचंय. मला ही नोंद सगळ्यात मोलाची वाटते.

कुंडीत हरभरा पेरलाय. शेतात पहाटे पानांवर आंब (आंबट दव) धरते, तशी कुंडीतल्या रोपांवर येते का? कुणी पाहिलंय? ऊन किती तास हवं?

गच्चीवर शेपटी हलवत धोबी पक्षी येतो. त्यावरून मुलांना निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचे पाहुणे पक्षी पाहायचेत. रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा, त्यामुळे तयारीनिशी जायचंय. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांची चित्रं घरी काढून झालीत. लहान हातांना पेलेल अशी दुर्बीण कोणती घ्यावी? आणि निफाडच्या गारठ्यात मुलांना घेऊन किती वाजता पोहोचावं?