मदत हवी आहे: विंडोज ११ मधला कोपायलट पूर्ण बंद कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

मी एका वकीलसाहेबांकडे टायपिंगचं काम करते. दावे, कैफियती, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, सगळं मराठीत, आणि बरंचसं घरी आणून. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नवा लॅपटॉप घेतला. विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, सोबत वर्ड-एक्सेलची वर्षभराची वर्गणी.

या लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं, बटण आहे. माझी नजर मसुद्याच्या कागदावर असते, स्क्रीनवर नाही. टायपिंगच्या क्लासात तसंच शिकवतात. परिच्छेद संपत आला की सेव्ह करायची सवय आहे, उजव्या करंगळीने कंट्रोल आणि डाव्या हाताने एस. आता तिथे कोपायलटची विंडो उघडते आणि पुढचं टायपिंग त्याच्या चौकटीत पडत राहतं. परवा मान वर केली तर मृत्युपत्रातलं "माझी थोरली मुलगी हिला गट नंबर" इथपर्यंतचं वाक्य तिथे उमटलेलं. परिच्छेद संपला की बोट आपोआप एंटरवर जातं. तो दाबला गेला असता तर मजकूर सरळ बाहेर.

हे मला चालणार नाही. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाता कामा नये, आणि हे बंधन वकिलाच्या कारकुनालाही आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये तसं लिहिलेलंच आहे. एआयशी माझं वैर नाही. मुलाच्या अभ्यासाला लागलं तर मी स्वतः उघडून वापरेन. पण ज्या मशीनवर दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी लिहिल्या जातात, तिथे मी न बोलावता काहीही उघडायला नको.

टास्कबारवरून आयकॉन काढला, पण बटण दाबलं की विंडो येतेच. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या सोयीतून, बंद करा असं एके ठिकाणी वाचलं, तर होममध्ये ते एडिटरच नाही. जिथून लॅपटॉप घेतला त्या दुकानात म्हणाले, "तो विंडोजचाच भाग आहे, काढलात तर विंडोज बिघडेल." हे खरं आहे का? आणि वर्डमध्येही कोपायलट दिसतो, तो हाच की वेगळा? कृपया पायरीपायरीने सांगा, मी तांत्रिक माणूस नाही.

प्रतिसाद

ताई, विंडोज अजिबात बिघडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कोपायलट आला तेव्हा तो विंडोजच्या कडेला चिकटवलेली पट्टी होता, त्यामुळे तो समज रुजला असावा. आता ते इतर ॲपसारखंच एक ॲप आहे. मार्च २०२५ च्या एका अपडेटने काही संगणकांवरून ते चुकून उडालंही होतं, आणि विंडोज व्यवस्थित चालू राहिलं.

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. यादीत कोपायलट शोधा, समोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून अनइन्स्टॉल. त्याच यादीत "मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट" नावाचं दुसरं ॲप दिसेल. ते म्हणजे पूर्वीचं ऑफिस ॲप, जानेवारी २०२५ मध्ये नाव बदललेलं. तेही काढता येतं, वर्ड-एक्सेल जात नाहीत. मोठं अपडेट आलं की ही यादी एकदा नजरेखालून घाला.

प्रतिसाद

वरचं बरोबर आहे, पण ताईंच्या कामाला तेवढ्याने भागणार नाही. कोपायलट नसेल तर ते बटण विंडोजचा सर्च उघडतं. सर्चच्या चौकटीत टाइप केलेलं वेबवरच्या सूचनांसाठी मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनकडे जातं, आणि त्याला एंटरचीही गरज नसते. म्हणजे मृत्युपत्राचं वाक्य एका चौकटीऐवजी दुसऱ्या चौकटीत. म्हणून बटणाचाच बंदोबस्त करा.

मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते टाकून कीबोर्ड मॅनेजर उघडा आणि "रीमॅप अ शॉर्टकट" निवडा. तिथे कोपायलटचं बटण दाबलंत की विन (विंडोजचं बटण), शिफ्ट आणि एफ२३ असं दिसेल. ते एक बटण आतून ही तिन्ही एकत्र पाठवतं. समोर "कंट्रोल (राइट)" निवडा. नोटपॅडमध्ये सेव्ह होतंय का ते तपासा. काही लॅपटॉपवर हे बटण धरून ठेवलं की नीट चालत नाही. तसं झालं तर "डिसेबल" निवडा, निदान ते मुकं तरी होईल. पॉवरटॉइज चालू असेपर्यंतच हा बदल टिकतो, म्हणून लॅपटॉपबरोबर ते आपोआप सुरू होईल असं ठेवा.

दिवसभर टायपिंग असेल तर उजवा कंट्रोल असलेला साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. मी तर आधी तेच करेन.

प्रतिसाद

वर्डमधला वेगळा, तो वर्गणीतून येतो. वर्ड उघडा, फाईल, ऑप्शन्स, कोपायलट, तिथली "एनेबल कोपायलट" ची खूण काढा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. एक्सेलमध्येही स्वतंत्रपणे हेच करावं लागतं. नोटपॅडच्या सेटिंग्जमध्येही तो बंद करायची सोय आहे. एज ब्राउझर वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जच्या शोधपट्टीत "कोपायलट" टाका, आयकॉन लपवायची सोय सापडेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण स्क्रीनचे फोटो साठवणाऱ्या विंडोजच्या रिकॉल या सोयीचीही धास्ती असते लोकांना. त्याला किमान १६ जीबी रॅम आणि ४० टॉप्स वेगाचा एनपीयू (एआयसाठीची खास चिप) लागतो. तुमच्या ८ जीबीच्या मशीनवर ते नाहीच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही ॲप काढली, विंडोज ठणठणीत आहे. पॉवरटॉइजने बटण उजवा कंट्रोल झालं, पण शिफ्टबरोबर अडखळत होतं, म्हणून शेवटी डिसेबल केलं आणि यूएसबी कीबोर्ड मागवला. सर्चचा मुद्दा कळला नसता तर मी ॲप काढून निर्धास्त बसले असते. वर्डमधली खूणही काढली.

आता ऑफिसातल्या मशीनवर हेच करायचं आहे. तिथे विंडोज ११ प्रो आहे. प्रोला ग्रुप पॉलिसी वापरू का?

प्रतिसाद

नको. "टर्न ऑफ विंडोज कोपायलट" ही पॉलिसी जुन्या पट्टीसाठी होती, नव्या ॲपला ती लागू होत नाही. प्रोवरही ॲप अनइन्स्टॉल करा, बटण असेल तर पॉवरटॉइज. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असेल तर प्रत्येकाच्या खात्यात जाऊन तपासा. एका खात्यातून काढलेलं ॲप दुसऱ्यात तसंच असू शकतं.