मॅकगायव्हर आणि मंडळी : कुणाला काय आठवतंय?

सांजवारा
आज मॅकगायव्हर या जुन्या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग पुन्हा लावला, १९८५चा. न्यू मेक्सिकोतली जमिनीखालची प्रयोगशाळा, गळणारं सल्फ्युरिक आम्ल आणि हाताशी असेल त्या वस्तूने वेळ निभावणारा, भेगेत चॉकलेट कोंबणारा नायक मॅकगायव्हर (रिचर्ड डीन अँडरसन). पीट, जॅक, मर्डॉक, पेनी, सगळी मंडळी डोळ्यांसमोर आली. लिहा ज्याला जे आठवेल ते. युक्त्याही चालतील, पण 'भारी होतं' एवढ्यावर सोडू नका.
सुरुवात करते: मॅकचा वरिष्ठ आणि मित्र पीट थॉर्नटन पहिल्या भागात नाहीच. पीट करणारा नट डेना एल्कार दिसतो, पण अँडी कोल्सन नावाच्या दुसऱ्याच भूमिकेत. पीट म्हणून तो त्याच सीझनमध्ये पुढे येतो.

परीक्षानळी
चॉकलेटचं रसायन खरं आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्ल साखरेतलं पाणी ओढून घेतं, मागे काळा कार्बन उरतो. हिशोब: १०० ग्रॅम साखरेतून साधारण ४२ ग्रॅम कार्बन आणि ५८ ग्रॅम पाणी. दुधाच्या चॉकलेटमध्ये जवळपास निम्मी साखर, म्हणून चिकट काळा गोळा तयार होतो.
घोळ कुठे होतो? आम्ल पातळ असेल तर काही घडत नाही. दुसरं, या क्रियेत खूप उष्णता निघते, वाफ आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो, गोळा फुगतो. धार जोरात असेल तर बूच धरण्याआधीच वाहून जाणार. त्यामुळे नुसती पाझरणारी भेग असेल तरच आशा. आणि त्या वायूत तोंड घालून उभं राहायचं नाही, मालिकेत तो वायू दाखवतच नाहीत. घरी करून बघू नका.

खटपट्या
+१. स्फोटकांच्या युक्त्यांत तर मुद्दाम एखादा घटक गाळायचे, पोरांनी नक्कल करू नये म्हणून. हे मला फार आवडतं.

दुपारची_चहा
गाडीच्या गळक्या रेडिएटरमध्ये अंडं घातलेलं ते चालतं का हो? कुकर लावलाय, पटकन सांगा

खटपट्या
@दुपारची_चहा चालतं, पण बारीक छिद्रासाठीच. अंड्याचा पांढरा भाग ६०-६५ अंशांपासून घट्ट व्हायला लागतो, चालू इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं. पांढरा भाग पाण्याबरोबर फिरतो आणि छिद्रापाशी शिजून अडकतो. पिवळा बलक घ्यायचा नाही. झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडायचं, गरम असताना आत दाब असतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. अंड्याला भोक आणि हीटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही, तीही तुंबते. म्हणून गॅरेजपर्यंत पोचलात की सगळं पाणी काढून दोन-तीनदा धुवायचं.

दुपारची_चहा
धन्यवाद 🙏 तिसरी शिट्टी झाली

रानजाई
माझ्यासाठी ही मालिका म्हणजे पीटच. एल्कारला खरोखर काचबिंदू होता, नजर जात चालली होती. त्याला काढून टाकण्याऐवजी लेखकांनी तोच आजार पीटला दिला. सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात ते येतं आणि मॅकचं त्याच्याशी वागणं बघा: कीव नाही, हात धरून ओढणं नाही. पीट आपली खुर्ची दयेने नव्हे तर जिद्दीने राखतो. दोन मोठी माणसं मैत्रीत इतकी सभ्य असलेली टीव्हीवर कमी बघायला मिळतात.

जुनी_कॅसेट
सहमत. डोळे पाणावतात त्या भागात.
मॅकचा वैमानिक मित्र जॅक डाल्टनला कुणी विसरू नका! ब्रूस मॅकगिल. खोटं बोलायला लागला की डोळा फडफडतो, मॅकला ते माहीत असतं आणि तरी दर वेळी त्याच्या विमानात बसतो. त्यात मॅकला उंचीची भीती. या दोन खुणा लेखकांनी शेवटपर्यंत सांभाळल्या.

निळीशाई
मर्डॉक, मॅकच्या मागे लागलेला मारेकरी! दुसऱ्या सीझनपासून. मायकेल दे बार. कड्यावरून पडतो, आगीत जातो, 'मॅकगायव्हर' अशी किंकाळी ठोकतो आणि पुढच्या वेळी पुन्हा हजर. बळी मरताना त्याचा फोटो काढायची सवय मात्र अंगावर काटा आणते.

परीक्षानळी
लेझर राहिलाच. पहिल्याच भागात सिगारेटच्या धुराने किरण दिसतात. धुराचे कण प्रकाश विखुरतात, तत्त्व बरोबर. पण किरण दृश्य रंगाचा हवा. अवरक्त (इन्फ्रारेड) असेल तर कितीही धूर सोडा, डोळ्याला काही दिसणार नाही.

बिनकुलूप
स्विस चाकूबद्दल एक. या घडीच्या चाकूंच्या मुख्य पात्याला बहुतेक वेळा कुलूप नसतं, फक्त स्प्रिंगचा दाब. पात्याचं टोक खुपसून जोर लावला की ते बोटांवर मिटतं. मॅक करतो तसं काही उचकटायचं असेल तर पातं नको, जाड स्क्रूड्रायव्हरचं टोक वापरा. करवतीलाही ओढतानाच जोर द्यायचा.

निळीशाई
आणि बंदूक न वापरण्याचं कारण 'ब्लड ब्रदर्स' या चौथ्या सीझनच्या भागात आहे, लहानपणीचा मित्र गोळी लागून जातो. नवीन बघणाऱ्यांनी तो सोडू नये.

कोरापान
अवांतर: २०१६ची नवी मालिका कुणी पाहिली? लुकास टिल. त्यात थॉर्नटन बाई आहे, पॅट्रिशिया.

जुनी_कॅसेट
पाहिली. पळापळ छान आहे, पण पूर्ण टोळी असल्याने मॅक एकटा कधी पडतच नाही. एकटा, रिकामे खिसे, समोर बंद दार: जुन्यात खरी मजा तिथे. शिवाय जुन्यात त्याचं पहिलं नाव सातव्या सीझनपर्यंत लपवलेलं, नव्यात पहिल्यापासून अँगस.

कोरापान
बरोबर. मग जुनी कुठून सुरू करू? १३९ भाग आहेत म्हणे.

सांजवारा
पहिला भाग बघ, मग मॅकची मैत्रीण पेनी पार्करचा बल्गेरियातला, टेरी हॅचर आहे त्यात. तिथून थेट दुसरा सीझन, जॅक आणि मर्डॉक दोघेही तिथेच भेटतील. आजोबा हॅरीचे भाग मात्र क्रमानेच बघ, पाचव्या सीझनमधला 'पॅसेजेस' आधी बघितलास तर सगळं वाया जाईल.