मदत हवी आहे: द्राक्षाच्या चोथ्यावरचा डायजेस्टर आंबट होतोय

नाशिकच्या वायनरीतला लाल द्राक्षाचा चोथा, २० लिटरचा प्रयोगशाळेतला बायोगॅस डायजेस्टर, तापमान ३५ अंश, विरजण ताज्या शेणाच्या स्लरीचं. भरणा लिटरमागे रोज २ ग्रॅम व्होलाटाइल सॉलिड्सवर (कोरड्या मालातला जळून जाणारा सेंद्रिय भाग) नेला की पीएच ७.१ वरून ६.३ वर येतो, आम्ल-अल्कलिनिटी गुणोत्तर (साचलेलं आम्ल भागिले ते झेलणारी क्षारता) ०.८ च्या वर जातं आणि गॅस पेटत नाही. भरणा थांबवून खाण्याचा सोडा घातला की सावरतो, पण भरणा सुरू करताच पुन्हा तेच. बिया चाळून काढल्या आहेत. चुना नको, तळाशी कार्बोनेटचा थर बसतो. शेण भरपूर आहे, मलनिस्सारण केंद्रातला पचलेला गाळही मिळेल. चोथ्यातली टॅनिन्स (तुरट द्रव्यं) मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारताहेत की नुसता भरणाच जास्त होतोय, हे वेगळं ओळखायला बाटलीतली कोणती चाचणी लावावी? आणि शेण मिसळायचं तर व्होलाटाइल सॉलिड्सच्या कोणत्या प्रमाणापासून सुरुवात करावी?