‘ट्रान्सफर’, ‘कॉपी’ की ‘उतरवून घेणे’?

एक शंका आहे. आमच्या नाट्यसंगीताच्या ग्रुपकडे अलेसिसचा जुना एचडी२४ हार्ड डिस्क रेकॉर्डर आहे, त्यातलं रेकॉर्डिंग कंप्युटरवर घ्यायचंय. सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओवाल्यांना फोनवर म्हटलं "ट्रान्सफर करून द्या", तर ते म्हणाले तासाला तास लागेल आणि पैसेही तसेच. भाचा म्हणतो, मामा नुसतं कॉपी तर करायचंय, तासाला तास कशाला? दोघं एकच बोलतायत की वेगळं? आणि याला मराठीत म्हणायचं काय?

वेगळं बोलतायत. भाच्याची कॉपी म्हणजे न वाजवता फाइल तशीच घेणे. पण टेपच्या स्पूलच्या काळापासून स्टुडिओत ट्रान्सफर म्हणजे एका मशीनवर वाजवायचं आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं, म्हणून तासाला तास. आपल्याकडे याला सरळ ‘उतरवून घेणे’ म्हणायचे, "ती मैफल कॅसेटवर उतरवून दे रे". मला तरी हाच शब्द बरोबर वाटतो. तुमच्या मशीनला मागे ऑप्टिकलची, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या वायरची, तीन आउटपुट असतात, प्रत्येकी ८ ट्रॅक (ट्रॅक म्हणजे वेगळा रेकॉर्ड केलेला एकेक आवाज). कंप्युटरच्या कार्डाला ऑप्टिकल इनपुट एकच असेल तर २४ ट्रॅकसाठी तीनदा वाजवायला लागतं आणि मग ते एकमेकांशी जुळवत बसा. शिवाय क्लॉक, म्हणजे डिजिटल आवाजाचा ठेका, दोन्हीकडे एकच हवं, नाहीतर मधेमधे टिक टिक येते.

‘स्थानांतरण’ चालेल का?

नको हो, ते तलाठ्याचं होतं. आणि स्थानांतरणात मूळ जागा रिकामी होते, इथे मूळ रेकॉर्डिंग जागेवरच राहतं. फाइल म्हणून घ्यायचं तर ‘फाइली काढून घेणे’ म्हणा, आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. काहीजण ‘डाउनलोड मारला’ म्हणतात, ते कानाला खटकतं पण समजतं.

भाच्याला एक सांगा, डिस्क काढून थेट कंप्युटरला लावू नको म्हणावं. ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची डिस्क आहे, वायर तपकीर गल्लीत मिळून जाईल कदाचित, पण फॉरमॅट अलेसिसचा स्वतःचा आहे, एफएसटी. विंडोजला तो कळत नाही, मग ते डिस्क इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करू का (म्हणजे पुसून नव्याने तयार करू का) असं विचारू शकतं, आणि घाईत ‘हो’ दाबलं की बसा बोंबलत. त्यासाठी अलेसिसचाच फायरपोर्ट नावाचा अडॅप्टर होता, फायरवायर या जुन्या वेगवान जोडणीचा, तो कुणाकडे असेल तर सोन्याहून पिवळं, वेव्ह फाइली भराभर निघतात.

फायरपोर्ट नसेल तर मशीनला नेटवर्कचं पोर्ट आहे की, एफटीपीने (नेटवर्कवरून फाइली घ्यायची पद्धत) काढा.

काढा, पण ते पोर्ट १० मेगाबिटचं आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका ट्रॅकचा एक मिनिट म्हणजे जवळपास ८ एमबी. २४ ट्रॅक, एक तास, साडेअकरा जीबीच्या आसपास. पोर्ट पूर्ण वेगाने चाललं तरी अडीच तास. म्हणजे स्टुडिओकडे तिन्ही ऑप्टिकल एकदम घ्यायची सोय असेल, तर या वाटेने भाच्याची ‘कॉपी’ त्यांच्या ‘ट्रान्सफर’पेक्षा हळू!

मूळ प्रश्नकर्ते, ट्रॅक किती भरलेत तुमचे?

आठच. गायक, ऑर्गन, तबला, बाकी प्रेक्षकांचे माइक.

मग एकच ऑप्टिकल वायर, एका दमात उतरवून घ्या. एफटीपीने काढलंत तरी, पोर्ट पूर्ण वेगाने चाललं तर, आठ ट्रॅकना साधारण तासाला तासच लागेल. स्टुडिओवाल्यांना फक्त सांगा, आठही ट्रॅकच्या वेगवेगळ्या वेव्ह फाइली द्या, सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणी ठेवा, आणि मिक्स करून देऊ नका.