मदत हवी आहे : बोर्ड गेमच्या खर्चाला आवर कसा घालता?

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. रविवारी घरी पाच-सहा जण खेळायला जमतात, फार मजा येते. पण 'कटान' या बोर्ड गेमचा मूळ संच चौघांपुरताच. सहा जणांसाठी विस्तार-संच वेगळा, आणि तो मूळ खेळाशिवाय बिनकामाचा. वर पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं हवीतच, पावसाळ्यात कडा फुगून पत्ते वाकतात. खर्च असा वाढत जातो आणि सगळा एकाच घरावर पडतो, हे मला पटत नाही.

तुमच्यापैकी कोणी वर्गणी काढून सामाईक खेळ घेतलेत का? खेळ कोणाकडे राहतो? सोंगटी हरवली, गटातून कोणी बाहेर पडलं, तर पैशांचं काय करता? आणि इथे जुने खेळ अदलाबदल करणारं कोणी असेल तर नक्की कळवा. दिवाळीआधी ठरवायचंय.